शेऱ्याचा रकाना

प्रपत्र क, प्रश्न चौथा.
योजनेपूर्वी तुकडे किती? अकरा.
योजनेनंतर?
ऑब्री टेम्परटन बोट वर करतो.
ते बोटही बटाट्याच्या यंत्रात अर्धं गेलेलं.
मी एक लिहिते.

ऑस्टरबी. लिंकनशरचा सपाट पश्चिम कोपरा.
भरतीला नदी इथे गावाच्या डोक्यावरून वाहते
आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.
कौन्सिलची गाडी पबमागे लावून
मी दहा वर्षांपूर्वीच्या एकत्रीकरणाचं
यशापयश मोजायला आलेय.
टॅब्लेट, गमबूट, डब्यात दडपे पोहे.

इथे बांध नव्हतेच.
पट्टा संपला की एक खोल सर, टोकाला एक दगड.
म्हणजे बांध कोरायची सोय नाही, मी म्हटलं.
म्हातारा खो खो हसला:
दगड रात्रीचे चालतात, बाई.
माझ्या आजोबांचा चाळीस वर्षांत दीड फूट चालला.
मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

माझे वडील तालुक्याला मोजणी खात्यात होते.
म्हणायचे, शेतावर गेलं की आधी पाणी मागावं,
कोण देतं ते बघावं,
मग साखळी उलगडावी.
इथे चहा लॉर्ना मॉने दिला.

तिचे पूर्वी सहा पट्टे, मिळून तीन एकर,
फुकट म्हटलं तरी कुणी कसायला घेईना.
आता सगळं एकत्र, कालव्याच्या कडेला.
तिने तळं खोदलं. टिटव्या परतल्या.
सत्तावीस, ती रोज मोजते.
जुन्याचे गोडवे, ती म्हणाली,
डिसेंबरात चार वाजता काळोखात
सहा ठिकाणी चिखल तुडवलेल्यानेच गावेत.
मी लिहून घेतलं.

डिझेल: शेकडा अडतीस घट.
रस्त्यावरच्या चिखलाच्या तक्रारी: शून्य.
तंटे: नाहीत.
(नाहीतच, ऑब्री म्हणाला.
रॉय गॉडबरशी वर्षभर भेटच नाही,
भांडू कुठे?)

त्याच्या अकरांपैकी दोन वाळूवर,
चार काळ्या भुसभुशीत मातीत, बाकी चिकणीत.
पाऊस लागला तर गाजर वाचायचं,
ऊन लागलं तर सेलरी.
आता तेवीस एकर, एकसलग, सगळी चिकण.
मूल्यांकन समान, असं कार्यालयाचं पत्र आहे.
गेल्या ऑक्टोबरात पाणी साचलं ते एकदमच.
आधीही बुडायचो, तो म्हणाला,
पण हप्त्याहप्त्याने.

याला प्रपत्रात रकाना नाही.

मग त्याने चर्चच्या मनोऱ्याची किल्ली काढली.
जुलै कोरडा गेलेला. वरून त्याचा गहू पाहिला
आणि मी कठडा धरला.
एकसलग शेतात पट्टे उमटले होते,
जुन्या सरींच्या ओलीवर हिरवे,
मधे पिवळे, लांबच लांब, जरासे वाकडे,
नांगराच्या बैलाने वळण घेतलं असेल तसे.

तो अर्ध्या बोटाने दाखवू लागला.
तो रॉयचा. तो केल्सीच्या विधवेचा.
तो मेथडिस्टांचा, शाळेच्या कोळशासाठी ठेवलेला.
तो अरुंद आहे तो कुणाचाच नव्हता,
त्यावर दरवर्षी चिठ्ठी टाकायचो.

आणि तुमचे?
त्याने लांब, कालव्याकडे बघितलं.
तीन त्या टिटव्यांखाली आहेत.

शेरा, अक्षरमर्यादा अडीचशे.
मी नावं टाइप करू लागले.
गॉडबर, केल्सी, मेथडिस्ट, चिठ्ठीचा.
पाचव्या नावाला रकाना भरला.

किती दिलेस? त्याने विचारलं.
पाचपैकी चार, मी म्हणाले. खोटं कशाला बोलू.
त्याने मान हलवली.
मीही चारच दिले असते.

उतरताना तो पुढे झाला.
पायऱ्या मधे झिजल्यात, म्हणाला,
भिंतीच्या कडेने ये.